तारांकित भाग

ग्लासगोत खोली मिळवण्यासाठी मी खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं, आणि गोष्ट लांबवत नेऊन शेवटी उघड करणं मला जमत नाही.

जानेवारीत मास्टर्ससाठी आले तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती. अकरा दिवस मी वर्गातल्या दोन मुलींच्या हॉलमध्ये, सोफा आणि कपडे वाळत घालायचा स्टँड यांच्या मधल्या पट्टीत झोपले. त्या काही बोलत नव्हत्या. पण सकाळी माझं अंथरूण गुंडाळलेलं दिसलं की दोघी ज्या सुरात ‘आज चाललीस का कुठे?’ विचारायच्या, तो मला कळत होता. बाराव्या दिवशी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला : ‘एका मुलीसाठी खोली. शाकाहार-मांसाहार कसाही चालेल. मालिकेची चाहती असल्यास प्राधान्य.’

कुठली मालिका, हे लिहायची गरज त्यांना वाटली नव्हती. अंतराळातल्या एका टपालजहाजाची ती मालिका. एका ग्रहावरची पत्रं दुसऱ्या ग्रहावर पोचवणारं जहाज, त्यावरचा पोस्टमास्तर आणि त्याची चार-पाच माणसं. माझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून ती चालू आहे. पोस्टमास्तर बदलत गेले, पत्र्याचं जहाज होतं ते कॉम्प्युटरवरचं झालं, मालिका मात्र थांबली नाही. हे सगळं मी काकूंच्या इमारतीखाली उभं राहून, भुरभुर पावसात, फोनवर चार मिनिटांत वाचलं. मग तीन मजले चढून बेल दाबली.

काकू निवृत्त भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत काढलेल्या, एकट्या राहणाऱ्या, गुडघ्याला पट्टा. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

‘कधीपासून पाहतेस?’

‘लहानपणापासून, काकू.’

‘आवडता पोस्टमास्तर कोण?’

पहिला सगळेच सांगत असणार, म्हणून मी म्हणाले, ‘तिसरे.’

‘ती बाई होती.’

‘म्हणूनच आवडते.’

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘आधीची मुलगी चाहती नव्हती,’ त्या म्हणाल्या. ‘वाईट नव्हती. पण भाग चालू असताना फोनवर आईला भाजीची रेसिपी विचारायची. मी तिला दुसरी जागा बघ म्हणाले. फेब्रुवारीच्या शेवटी चाहत्यांचा मेळावा असतो, दरवर्षी. येशील ना?’

‘म्हणजे काय, काकू! त्यासाठीच तर आले ग्लासगोला.’

हे शेवटचं वाक्य जास्त झालं, असं मला बोलतानाच वाटलं. पण खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची धुराडी दिसायची, आणि दार लावता यायचं. दार लावता येणं ही काय चीज आहे, हे सोफ्याशेजारी अकरा दिवस झोपल्याशिवाय कळत नाही.

आता मेळाव्यापर्यंत सहा आठवडे होते. तिथे मी उघडी पडले तर खोली जाणार आणि पुन्हा ती पट्टी. मी अभ्यासाला लागले.

इथे एक कबूल करायला हवं. मालिका पाहावी, असं मला सुचलंच नाही. काकूंच्या बैठकीत मोठा टीव्ही होता, सगळे भाग होते. पण आमच्या घरात परीक्षेला बसलेली मीच पहिली, आणि परीक्षा म्हणजे वाचणं, हे मी स्वतःच ठरवून घेतलेलं होतं. बीएस्सीला आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून दोनदा उघडायचं. आम्ही प्रयोगवहीत आधी निष्कर्ष लिहायचो, मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरायचो. मला प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी होते.

काकूंच्या कपाटात चाहत्यांनी काढलेला एक जाडजूड ग्रंथ होता. प्रत्येक भागाचा क्रमांक, कथा, कोण कोण होतं, शेवट काय झाला; काहींची तर अख्खी पटकथा. ‘उजळणीला नेते हं,’ म्हणून मी तो खोलीत नेला. भाग शेकड्यांनी. सगळे करणं अशक्य. पण पानं चाळताना माझ्या लक्षात आलं की काही भागांपुढे तारा छापला आहे, आणि माझा जीव भांड्यात पडला. दहावीपासून प्रत्येक गाइडात मी तो तारा पाहिला होता. तारा म्हणजे महत्त्वाचं. तारा म्हणजे हमखास येणारं. तारा कशासाठी आहे हे ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलेलं होतं, पण प्रस्तावना कधी परीक्षेला नसते.

मी तारांकित भाग तेवढे काढले, बाकीचे ऑप्शनला टाकले. दोनशे पानी वही केली. निळ्या पेनाने कथा, लाल पेनाने संवाद. सकाळी दात घासताना म्हणायचे, सबवेत म्हणायचे. ‘पत्ता बरोबर आहे. माणूस नाही.’ ‘ज्याने पाठवलं त्याचं गावही उरलं नाही, साहेब.’ वर्गातल्या एका मुलीने विचारलं, ‘बरी आहेस ना?’ रविवारी काकू हाक मारायच्या, ‘येतेस का गं, लावलाय भाग,’ आणि मी आतून ओरडायचे, ‘सबमिशन आहे, काकू!’ खरं तर मी आत मालिकेचाच अभ्यास करत असायचे.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी काकूंनी विचारलं, ‘पोशाख काय करणारेस?’

पोशाख अभ्यासक्रमात नव्हता. बॅग उपसली, तर तळाशी बाबांचा कोट. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. निघताना त्यांनी त्यांचा जुना कोट जबरदस्तीने बॅगेत कोंबला होता : ‘तिकडं थंडी असते. याच्यात अस्तर चांगलं आहे.’ लाल मखमली कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर दोन ओळी पितळी बटणं. विमानतळापासून तो मी कुणाला दिसू दिला नव्हता. वर्गात वडील काय करतात विचारलं की मी ‘म्युझिकमध्ये आहेत’ म्हणायचे, आणि लोक पुढे काही विचारत नसत, फक्त थोडं आदराने पाहत.

कोट घालून बाहेर आले. काकू पोस्टाच्या खाकी कोटात, कमरेला चामडी पिशवी, डोक्यावर टोपी, पायात गुडघ्याच्या पट्ट्यावरून चढवलेले लांब बूट. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

‘कुठून आणलास?’

‘घरून.’

‘चांगल्या घरातली दिसतेस,’ काकू म्हणाल्या.

मेळावा एका जुन्या सभागृहात होता. दाराशी ओल्या छत्र्या, आत चहा-बिस्किटांचा वास आणि शे-दोनशे माणसं. हिरव्या चेहऱ्याची आजी, तीन हातांचा माणूस, पाठीवर पत्र्याचं जहाज बांधलेलं एक बाळ. टाळ्या कोणी वाजवत नव्हतं. आवडलं की समोरच्या टेबलावर मूठ दोनदा आपटायची, पत्रावर शिक्का मारल्यासारखी : ठप्प, ठप्प. शंभर माणसांनी एकदम शिक्का मारला की कपबशा नाचायच्या. माझ्या कोटासाठी दाराशीच चार-पाच ठप्पे पडले. मला बरं वाटलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच वाटलं की आपण पास होऊ.

मंचावर एक दाढीवाले आजोबा आले, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. मेळावा तेच भरवायचे. ‘आता नवे चेहरे,’ ते म्हणाले. ‘रिवाजाप्रमाणे एकेकाने वर यायचं आणि सांगायचं, आपण आयुष्यात पहिला भाग कुठला पाहिला, कुठे, आणि कुणाबरोबर.’

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. माझ्या आधी एक मुलगा गेला. त्याने स्वतःच्या आजोबांच्या मांडीवर बसून पाहिला होता. मग एक बाई, तिने हॉस्पिटलात पाहिला होता. लोक खरं खरं सांगत होते आणि ठप्पे पडत होते. मग दाढीवाल्यांनी माझ्याकडे बोट केलं : ‘तू गं, लाल कोट. ये, हेन.’ ग्लासगोत म्हातारी माणसं पोरींना हेन म्हणतात. म्हणजे कोंबडी. प्रेमाने म्हणतात, पण त्या क्षणी मला कापायला नेत असल्यासारखंच वाटलं.

वर गेले. काकू दुसऱ्या रांगेत, मान थोडी कलती करून बघत होत्या. मी वहीतला सगळ्यात पक्का पाठ असलेला भाग निवडला, चार तारे असलेला. पत्र्याचं जहाज एका मेलेल्या ग्रहावर उतरतं. ज्याच्या नावाचं पत्र आहे तो हजार वर्षांपूर्वी गेलेला. पाठवणाऱ्याचा ग्रहही विझलेला. पोस्टमास्तरच्या हातात पत्र तेवढं उरतं. ‘हा भाग मी पहिल्यांदा पाहिला,’ मी म्हणाले, ‘माझ्या गावी, एसटी स्टँडसमोर, वडिलांच्या ऑफिसात. आमचा केबलवाला जुन्या टेपा लावायचा, तेव्हा.’ ऑफिस म्हणजे बँडचं शटर. ढोल बाहेर टांगलेले असतात. ते मी सांगितलं नाही. ‘मी सात वर्षांची होते. बाहेर भजी तळत होती.’

भज्यांवर मी खूश होते. बारकावे दिले की जास्त मार्क मिळतात.

एकही ठप्पा पडला नाही. बाळाच्या पाठीवरचं पत्र्याचं जहाज खुर्चीला घासत होतं, तेवढाच आवाज. मग दाढीवाले हळूच म्हणाले, ‘हेन, पुन्हा सांग. पाहिलास? डोळ्यांनी?’

‘हो.’

त्यांनी मंचावरच्या टेबलाखालून एक फुगलेली फाइल काढली. पन्नासेक वर्षांपूर्वी, ते म्हणाले, टेपा महाग होत्या, म्हणून जुने भाग पुसून त्याच टेपांवर दुसरं काहीतरी भरलं गेलं. त्यातला हा भाग. कुठेही नाही. फक्त कागदावरची पटकथा आणि एक काळा-पांढरा फोटो. ग्रंथात अशा प्रत्येक हरवलेल्या भागापुढे तारा छापला आहे. जितके तारे, तितक्या वेळा त्याचा शोध घेऊन झालेला.

सहा आठवडे मी निवडून निवडून नेमके तेच भाग पाठ केले होते, जे जगात कुणालाच पाहता येत नव्हते.

‘पण काही टेपा परदेशी पाठवल्या होत्या,’ दाढीवाले म्हणाले. ‘त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. सापडल्या, तर अशाच सापडतील. एखाद्या गावच्या केबलवाल्याकडे.’ त्यांनी फोटो पुढे केला. त्यात झालरी लावलेला, दोन ओळी बटणांचा कोट घातलेला त्या भागातला एक मार्शल उभा होता. ‘याच्या कोटाचा रंग कोणता, यावर आम्ही तीस वर्षं भांडतोय.’

तो कोट आणि माझ्या अंगातला, दोन्ही एकाच शिंप्याने शिवल्यासारखे दिसत होते. सगळं सभागृह माझ्या छातीकडे बघत होतं.

‘लाल,’ मी म्हणाले. थांबायला हवं होतं. मला माहीत होतं की थांबायला हवं.

मागे कुणीतरी ‘मी म्हणालो होतो!’ असं ओरडलं आणि ठप्प्यांनी कपबशा नाचल्या. त्या गोंगाटात काकू उठून मंचाच्या पायरीशी आल्या. इतक्या लोकांत त्या माझ्याशी मराठीत बोलल्या.

‘हा भाग मी अर्धा पाहिलाय,’ त्या म्हणाल्या. ‘इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात. डॉक्टरांच्या खोलीत एक छोटा काळा-पांढरा टीव्ही होता. जुना भाग पुन्हा दाखवत होते. घरून तोवर एकही पत्र नव्हतं आलेलं मला. पोस्टमास्तरने पाकीट हातात घेतलं आणि माझा बीपर वाजला. ऑपरेशनला गेले. परत आले तर बातम्या लागल्या होत्या. त्यानंतर टेप पुसली.’ ‘तो पत्र फोडतो, हे पुस्तकात आहे. मला एवढंच सांग, वाचताना त्याचा चेहरा कसा होता?’

खोलीची काळजी करत करत मी इथवर आले होते, आणि आता काकू एखाद्या लहान मुलीसारख्या मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. ‘आठवावं लागेल, काकू,’ मी म्हणाले.

‘फोन लावा!’ दाढीवाले म्हणाले. ‘केबलवाला कुठेय आता?’

केबलवाला आता चपला विकत होता, आणि त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. पण ‘निदान घरी विचार, हेन’ असं चारी बाजूंनी झालं, आणि माझ्या हातातून बाबांना फोन लागला, आणि कोणीतरी माइक त्याला टेकवला. भारतात रात्रीचे साडेसात-आठ वाजले असतील. सभागृहात एकदम ढोल, ताशा आणि चार क्लॅरिनेट घुसले.

‘हॅलो! बोल, बाळा! मोठ्यानं बोल, वरात चौकात आलीय!’

‘बाबा, आपला तो केबलवाला… त्याने जहाजाचा कार्यक्रम लावला होता ना, मी लहान असताना? तुमच्या ऑफिसात?’

‘ऑफिस? कसलं ऑफिस? अरे ए, ढोल जरा दाबून वाजव! कोण विचारतंय? समोर सर लोक आहेत का?’

‘हो.’

‘परीक्षा चाललीय?’

मी माइककडे पाहिलं.

‘बरं, बरं. घाबरू नको. काय म्हणायचंय तेवढं सांग, मी हो म्हणतो.’ आणि मग त्यांनी घसा साफ केला, आणि आयुष्यात कधी माझ्या शाळेच्या हेडमास्तरांपुढे न उघडलेल्या तोंडाने ते पूर्ण आवाजात इंग्रजीत म्हणाले, ‘येस सर! जहाज, येस! केबल, येस! माय डॉटर, व्हेरी गुड, सर!’

मागून क्लॅरिनेटांनी सूर धरला आणि फोन बंद झाला.

सभागृह पेटलं. ‘येस म्हणाला! बापाने येस म्हटलं!’ तीन हातांचा माणूस तिन्ही हातांनी टेबल बडवत होता. दाढीवाल्यांनी काकूंना विचारलं, ‘डॉक्टर, बाकीचं काय म्हणाले ते? तुम्हाला भाषा येते.’

त्या सगळ्या गर्दीत मराठी कळणाऱ्या काकू एकट्याच होत्या. बाबांचं ‘काय म्हणायचंय तेवढं सांग’ त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखादा दिवा बंद करावा, तसा त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. मग त्या दाढीवाल्यांकडे वळल्या.

‘त्यांच्याकडे लग्न चाललंय,’ काकू म्हणाल्या. ‘नंतर फोन करतील म्हणाले. आधी चहा घ्या सगळ्यांनी.’

सभागृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात काकूंनी मला नेलं आणि दार लोटून घेतलं. मी वही काढून दाखवली, तारे, लाल पेन, ऑप्शनला टाकलेल्या भागांची यादी. मला वाटतं मी रडत होते, पण नक्की आठवत नाही, कारण काकू एकदम हसायलाच लागल्या. सिंकची कड धरून, टोपी तिरकी होईपर्यंत.

‘ऑप्शनला टाकले! अगं, सगळी मालिका ऑप्शनला टाकलीस तू!’

‘खोलीसाठी, काकू.’

‘ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. “तिसरे” म्हणाली होतीस, तेव्हाच. आणि सहा आठवडे चोवीस तास सबमिशन. कुठल्या विद्यापीठात असतं एवढं?’ त्यांनी डोळे पुसले. हसल्यामुळे का कशामुळे, मला विचारता आलं नाही. ‘अभ्यास करतेय बिचारी, करू दे, म्हटलं. फक्त आज, मंचावर, एवढं एक मला खरं वाटलं. वाटून घेतलं, म्हणू.’

‘मी जाऊन सांगते सगळ्यांना.’

‘सांगावंच लागेल. त्या माणसाने तीस वर्षं फाइल सांभाळलीय. उद्या तो तुझ्या गावी जाईल, खरंच जाईल.’ मग त्या म्हणाल्या, ‘शेवटचा प्रसंग पाठ आहे?’

‘शब्दन् शब्द.’

‘मग आधी खरं सांग, आणि मग करून दाखव. एवढा अभ्यास वाया घालवायचा नाही.’

मी सांगितलं. गाइडातल्या ताऱ्याचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, आणि हा कोट मार्शलचा नाही, माझ्या वडिलांचा आहे, ते लग्नात बँड वाजवतात, हेही सांगितलं. ते सांगायची खरं तर गरज नव्हती. दाढीवाल्यांनी पेनाला टोपण लावलं. फोटो फाइलीत ठेवला, फाइलीची नाडी बांधली, दोन गाठी मारल्या. मला ते बघवत नव्हतं.

‘हा भाग आपल्याकडे आहे म्हणणारे मला पुष्कळ भेटले, हेन,’ ते शेवटी म्हणाले. ‘चहा व्हायच्या आत परत घेणारी तू पहिली.’ आणि मग, ‘पण कोट लालच असणार. माझं मत बदलत नाही.’

मग मला पत्र हवं होतं. मंचावर स्वयंपाकघरातून आणलेला एक घडी केलेला कागद होता, तोच घेतला. दाढीवाले त्या प्रसंगातले पोस्टमास्तरचे कारकून झाले. पटकथा त्यांनाही पाठ होती.

‘पत्ता बरोबर आहे,’ मी म्हणाले. ‘माणूस नाही.’

‘ज्याने पाठवलं त्याचं गावही उरलं नाही, साहेब,’ दाढीवाले म्हणाले आणि मागे सरकले.

आता पोस्टमास्तर एकटा. नियमाप्रमाणे दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं. तो फोडतो. वाचतो. इथे पटकथेत फक्त ‘वाचतो’ असं आहे. मी गंभीर चेहरा करून कागद उघडला. त्यावर लिहिलं होतं : दूध संपलं. बिस्किटं दोन पुडे. टॉयलेट रोल.

मला हसू फुटलं. दाबायला गेले, आणि दाबताना कानात बाबांचं ‘येस सर! केबल, येस!’ आलं. भर वरातीत, नवरदेवाच्या घोड्यापुढे उभं राहून, काय विचारताहेत ते कळत नसताना माझ्यासाठी हो म्हणणारा माणूस. पुढे माझ्या चेहऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. नाक वाहत होतं, एवढं नक्की. कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग पोस्टमास्तर शिक्का उचलतो आणि नोंदवहीवर मारतो : पोचलं. मी टेबलावर मूठ आपटली. एकदाच. पटकथेत एकदाच आहे.

मग दुसऱ्या रांगेतून, सावकाश, दोन ठप्पे आले. पाठोपाठ बाकीचे.

संध्याकाळी सबवेतून उतरून आम्ही चालत घरी निघालो. काकू हळू चालत होत्या, पिशवी मी घेतली होती.

‘तो हसला नसता,’ त्या एकदम म्हणाल्या.

‘नसेल, काकू.’

‘तो फार मोठा नट होता. हसला नसता.’ चार पावलं झाली. ‘पण हसला असता तर चाललं असतं.’

इमारतीच्या दाराशी आल्यावर मी धीर केला. ‘काकू, खोलीचं काय करू?’

‘मंगळवारी कचऱ्याचा निळा बिन बाहेर काढायचा,’ त्या किल्ली शोधत म्हणाल्या. ‘मागच्या वेळी विसरलीस.’

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा. वरात संपली होती, मागे भांडी वाजत होती. ‘काय गं, झाली का परीक्षा? माझ्यामुळं काही बिघडलं तर नाही ना? पास झालीस?’

मी काही बोलायच्या आत काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

‘नमस्कार. मी हिची घरमालकीण बोलतेय. तुमची मुलगी नापास झाली आहे.’

बिचारे बाबा. मग काकू म्हणाल्या, ‘काळजी करू नका. उद्यापासून पहिल्या भागापासून पुन्हा बसवतेय तिला. रोज एक, जेवल्यावर. वही न घेता.’

‘बसवा, मॅडम, बसवा,’ बाबा म्हणाले. आवाजातला केवढा तरी भार उतरला होता. ‘कितीदाही बसवा. आमच्या घरात दुसरं कुणी बसलंच नाही कधी. आणि मॅडम, तो कोट घालते का ती? अस्तर चांगलं आहे त्याचं.’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, झालरींसकट.

‘घालते,’ त्या म्हणाल्या, आणि जिन्यावर चढू लागल्या.